किल्ली हातातून सुटेपर्यंत

मुलाचं शहर तासाभराच्या रस्त्यावर राहिलं होतं, आणि म्हाताऱ्या ड्रायव्हरने गाडी कडेला घेऊन तंबू बाहेर काढला. ऊन अजून पुरतं उतरलंही नव्हतं. पेट्रोलपंपामागच्या मैदानात दोन ट्रक उभे होते, त्यांच्या पलीकडे त्याने कापड पसरलं. जमीन दगडासारखी कडक. हातोडी घरीच राहिली होती, त्यामुळे सगळ्या प्रवासभर तो पान्यानेच खुंट्या ठोकत आला होता. पहिली खुंटी वाकली. त्याला राग आला नाही. वेळ जात होता, आणि त्याला तेवढंच हवं होतं.

तंबू मुलाने दिलेला. "बाबा, जन्मभर बस चालवून लोकांना पोचवलंत, आता स्वतःसाठी फिरा," असं म्हणून निवृत्तीच्या दिवशी हातात ठेवलेला. एका माणसाचा तंबू; पाय लांब केले की डोकं बाहेर. बापलेक त्यावर पोट धरून हसले होते. देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकट्याने जायचं, मन मानेल तिथे मुक्काम टाकायचा आणि शेवटी मुलाच्या दारात गाडी उभी करायची, असा बेत होता. अर्धा रस्ता खरोखर मजेत गेला. मग सुनेचा फोन आला.

"बाबा, ह्यांचा कामावर पाय घसरला. दवाखान्यात आहेत. काळजीचं काही नाही. तुम्ही सावकाश या."

मुलगा उंच इमारतींत लिफ्ट बसवायच्या कामावर होता. तिथे पाय घसरणं म्हणजे काय, हे बापाला कुणी समजावायला नको होतं. पण त्याच्या काळजात धस्स झालं ते 'सावकाश या' ऐकून.

हे शब्द त्याच्याच घरातले. आजा, बाप, भाऊ, सगळे चाकावर पोट भरणारे. घरचा एक नियम होता: गाडी चालवणाऱ्याला वाईट बातमी सांगायची नाही. तो सुखरूप पोचला, किल्ली हातातून सुटली, की मग सांगायचं. आई वारली तेव्हा लांबच्या फेरीवर असलेल्या धाकट्या भावाला यानेच फोन केला होता. "आई जरा आजारी आहे. काळजीचं काही नाही. सावकाश ये." भाऊ आईसाठी मोसंबी घेऊन आला. दारातल्या चपलांचा ढीग बघून पिशवी त्याच्या हातातून गळून पडली.

सून घरात नवी होती, पण मुलाने तिला नियम शिकवलेला दिसत होता. शब्द न् शब्द बरोबर होता. पोरगा गेला, हे बापाने तिथेच ओळखलं.

आणि त्याने गाडी हळू केली. जोवर किल्ली आपल्या हातात, तोवर कुणी सांगणार नाही. आणि कुणी सांगत नाही, तोवर पोरगा आहे. रात्रीचा दिवस केला असता तर तो केव्हाच पोचला असता. पण दिवस कलला की तो थांबे, तंबू ठोके, चार बिस्किटं चहात बुडवून खाई आणि सुनेच्या फोनची वाट बघे. ती रोज म्हणे, "बोलताहेत. तुमची आठवण काढतात." तो रोज म्हणे, "बरं."

आज शेवटची खुंटी बसली तेव्हा फोन वाजला.

"कुठवर आलात, बाबा?"

"जवळच आहे, तासाभरावर. पण आज इथेच टेकतो. डोळ्यांवर झापड येतेय."

"तासाभराचाच तर रस्ता आहे ना?"

"सकाळी येतो."

"मग... ह्यांना देऊ का फोन? जागे आहेत."

स्वतःचं कपाळ फुटलेलं, आणि सासऱ्याची गाडी नीट पोचावी म्हणून ही पोर एवढं नाटक करतेय! आपण 'दे' म्हटलं तर बिचारी काय करेल? म्हणेल, आत्ताच डोळा लागला. म्हणेल, डॉक्टर आले. तिला असं कोंडीत पकडणं त्याच्या जिवावर आलं.

"नको पोरी. पडून राहू दे त्याला," तो म्हणाला आणि तिने पुढे काही बोलायच्या आत त्याने फोन ठेवला. मग तंबूत शिरून त्याने चेन लावली आणि तो तोंडात पंचा कोंबून मनसोक्त रडला.

सकाळी त्याने दवाखान्याच्या फाटकाशी गाडी लावली. सून जिन्याखालच्या बाकावर बसली होती. मांडीवर कपड्यांची पिशवी. सोबत कुणीच नव्हतं, याचं त्याला नवल वाटलं. एव्हाना माणसं जमायला हवी होती.

काय बोलायचं ते त्याने वाटेत घोकून ठेवलं होतं. त्याने किल्ली तिच्या तळहातावर ठेवली आणि तिची मूठ मिटली.

"घे. पोचलो मी. आता खोटं बोलू नकोस, पोरी. तो गेला, हे मला पहिल्या फोनलाच कळलं होतं."

"ते आज पहाटे गेले, बाबा," ती म्हणाली. "मी खोटं बोलले ते एवढंच, की काळजीचं काही नाही. काल फोन घ्यायला त्यांनी हात पुढे केला होता."