मूळ कागद

"अक्षर ओळखलं की माणूस ओळखला," टायपिस्टबाई म्हणाल्या. "म्हणून तुमचे कागद माझ्याकडे द्या. मी टाइप करून मालकांना देते आणि मूळ कागद फाडून टाकते. मग कोण काय बोललं ते त्यांना कळणार कसं?"

छत्र्यांच्या त्या कारखान्यात मालक आणि बाई सोडून सतरा माणसं होती. सतराच्या सतरा एकमेकांकडे बघायला लागली. मागच्या वर्षीही मालकांनी असेच कागद वाटले होते. 'कामाच्या जागी काय खटकतं? मोकळेपणाने लिहा. नाव घालू नका.' मुठी बसवणाऱ्या दादाने मोकळेपणाने लिहिलं. त्याचं वळणदार अक्षर अख्ख्या कारखान्याला पाठ. पुढच्याच सोमवारी त्याची रवानगी गोदामात झाली, मोडक्या काड्या निवडायला. तेव्हापासून सगळ्यांनी कानाला खडा लावला होता.

मालक तसे दुष्ट नव्हते. रागीट होते. राग ओसरला की त्यांना लाज वाटे, पण तोवर समोरचा गोदामात पोचलेला असे. बाईंची युक्ती ऐकून ते म्हणाले, "चालेल. दिला शब्द. कुणी लिहिलं तेच कळलं नाही, तर मी चिडणार कुणावर?"

बाईंचा जीव अडकला होता तो शिलाईवाल्या मावशीत. तिचं टेबल अगदी टोकाला, वर एक मिणमिणता दिवा. सुईत दोरा ओवताना तिच्या नाकी नऊ येत. बोटांची तर टोचून टोचून चाळण झाली होती.

"महिनाअखेर सोडतेय गं मी," मावशी डबा खाताना म्हणाली. "दिसतच नाही. वीस वर्षं झाली, पुरे."

"मग लिही की, उजेड हवाय म्हणून."

"आणि गोदामात जाऊ? तिथे तर याहून अंधार!"

दोघी हसल्या. पण बाईंनी डबा अर्धाच ठेवून झाकण लावलं.

गुरुवारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा सगळीकडे फिरला आणि भरून बाईंच्या टेबलावर आला. बाईंनी सतराही कागद एका दमात वाचले. चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचले. मग बाह्या सरसावून कामाला लागल्या.

एरवी बाईंचा टायपिंगचा वेग असा, की बघणाऱ्याला दम लागावा. या वेळी मात्र सतरा चिटोऱ्यांना त्यांनी दोन दिवस घेतले. मधूनच उठायच्या, काड्यांच्या बाकापाशी जाऊन स्टुलावर टेकायच्या, बाथरूमचं दार लोटून बघायच्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "पाय मोकळे करते हो." आणि तोंडाने सतत गुणगुणणं चालू. शेजारच्या टेबलावरचा आवक-जावक कारकून कानात कापूस घालून खाली मान घालून बसलेला असे. त्याला थंडी बाधायची म्हणे, बारा महिने.

शनिवारी मालकांनी टाइप केलेला गठ्ठा वाचायला घेतला. बाई समोर उभ्या.

'काड्यांच्या बाकापाशी स्टूल डुगडुगतं. अर्धा दिवस तोल सावरण्यात जातो.'

'बाथरूमला कडी नाही. आत गेलं की खोकत बसावं लागतं.'

'शिलाईच्या टेबलावर उजेड नाही.' हे तर पाच कागदांवर होतं. एकाने विनवलं होतं, एक चिडला होता, एकाने शुद्धलेखनाचा पार बोऱ्या वाजवला होता.

"चुकासुद्धा तशाच ठेवल्यात!" मालक म्हणाले. मग पुढच्या कागदावर त्यांचा चेहरा लाल झाला. तिथे लिहिलं होतं, 'मालक ओरडतात तेव्हा सगळ्या छत्र्या आपोआप उघडतील अशी भीती वाटते.'

"याचा मूळ कागद आणा. अक्षर बघायचंय मला."

बाईंनी रिकामे हात दाखवले. "फाडला. तुम्ही शब्द दिला होतात."

मालक उठले आणि पाठ फिरवून खिडकीशी उभे राहिले. त्यांचे खांदे हलायला लागले. वळले तेव्हा हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "छत्र्या आपोआप उघडतील! खरंच एवढा ओरडतो मी?"

"कधी कधी," बाई म्हणाल्या.

"कधी कधी?"

"रोज."

मालकांनी डोळे पुसले आणि शेवटचा कागद हातात घेतला. "आणि हा बघा. 'काही तक्रार नाही.' सोळा जण खरं बोलले, हा एकटाच लबाड!"

"असेल हो," बाई म्हणाल्या.

सोमवारी शिलाईच्या टेबलावर दोन लांब ट्यूबलाइट लागल्या. मावशीने पहिल्याच झटक्यात दोरा ओवला आणि सुई उंच धरून सगळ्यांना दाखवली. टाळ्या पडल्या. "आता बघतेच मला कोण घरी बसवतंय!" ती म्हणाली. बाथरूमला कडी आली, नवं स्टूल आलं, दादा गोदामातून परत मुठींवर आला. मालकांनी सगळ्यांची माफीसुद्धा मागितली, इतक्या हळू आवाजात की मागच्यांना ऐकू गेली नाही.

त्या दिवशी जो तो भाव खात होता. "मी नाव घेत नाही," काड्यावाला मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "पण कुणीतरी छातीठोकपणे लिहिलंच ना!" पॅकिंगवाली नुसतीच अर्थपूर्ण हसली. मावशीने बाईंना कोपऱ्यात गाठलं. "माझा तो कागद... फाडलास ना नक्की?"

"फाडला गं."

"बरं झालं बाई," म्हणत ती लाजली.

खरं तर कागद अजून फाडायचेच होते. संध्याकाळी घरी आल्यावर बाईंनी चहाचं आधण ठेवलं आणि गुणगुणत डब्याच्या पिशवीच्या तळातून सतराही कागद काढले. फाडण्याआधी एकदा शेवटचे वाचले. सोळा कागदांवर, सोळा हस्ताक्षरांत, दादाच्या वळणदार अक्षरातसुद्धा, एकच ओळ होती: 'काही तक्रार नाही.' सतराव्यावर कारकुनाने लिहिलं होतं: 'टायपिस्टबाई दिवसभर बेसूर गुणगुणतात. कृपया बंद करावे.' तेवढ्या एकाच कागदाचं बाईंनी 'काही तक्रार नाही' केलं होतं.