बिरोबाची वेलांटी

पडद्यावरचा बाण पुन्हा एक घर पुढे पळाला आणि पांढऱ्यात नको तिथे लाल ठिपका पडला. पूनमने दात आवळून तो खोडला. नव्या माऊसचं सगळंच उलटं होतं. डाव्या हातासाठी घडवलेला, बटणांची अदलाबदल झालेली. घर भरायला जावं तर भलतीच यादी उघडायची. सकाळपासून नाकी नऊ आले होते आणि झालं होतं काय, तर नुसतं ‘श्री’.

एक घर म्हणजे मागावरचा एक धागा. चादरीवर नाव विणायचं तर कॉम्प्युटरवर ते टाईप करून भागत नाही. अक्षरांच्या कडा करवतीसारख्या येतात. एकेक घर भरत, एकेक खोडत त्या गोल कराव्या लागतात. अक्कलकोट रोडवरच्या या कारखान्यात पूनम नऊ वर्षं तेच करत होती. आता उजवं मनगट असं धरलं होतं की भाकरी थापताना डोळ्यांत पाणी यायचं. सहा आठवडे या हाताने माऊस धरायचा नाही, नाहीतर ऑपरेशन, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि चार वाजता सांगोल्याकडची यात्रा कमिटी डिझाईन बघायला येणार होती. ‘श्री बिरोबा प्रसन्न’. वेळेत झालं नाही तर सोमवारपासून या खुर्चीवर दुसरी पोरगी बसेल, हे मालकांनी आडवळणाने नव्हे, तोंडावर सांगितलं होतं.

जुना माऊस अजून जोडलेलाच होता. उजवा हात आपसूक तिकडे जायचा आणि पूनम स्वतःच्याच हातावर खेकसायची.

चादरींच्या कडा शिवणारी बसव्वा पाणी प्यायला आली आणि दारातच थबकली.

“अय्यो! देवाचं नाव डाव्या हातानं?”

पूनमने पुढचं घर भरलं. बसव्वाच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक. पाच मिनिटांत ईरप्पा मालक स्वतः हजर.

“पूनम, टॉवेल तू डाव्या हातानं कर, नाहीतर पायानं कर, मी विचारतो काय? पण हे देवाचं आहे की.”

“उजवा चालत न्हाई, मालक. डॉक्टरची चिठ्ठी दावली की तुमाला.”

“एवढं एक नाव कर उजव्यानं. एका दिवसानं काय होतंय?”

एका दिवसाने काय होतंय! पूनमच्या डोक्यात सणक गेली. नऊ वर्षं अशा एकेका दिवसाचीच तर झाली होती.

“बिरोबा आमच्या घरचा देव हाय,” ती म्हणाली. “माझा बा डावखुरा. त्यानं डाव्या हातानं कातरलेल्या लोकरीचं घोंगडं बिरोबा दर साली पांघरतो. देवानं कदी तक्रार केली न्हाई.”

“देवाचं ठीक आहे. माणसांचं काय?”

पूनम खुर्चीतून उठली. जुना माऊस तिने टेबलाच्या उजव्या कडेला सरकवला.

“मग तुमचा उजवा हात द्या, मालक. बसा. मी सांगते, तुमी भरा.”

मालक हसले. पूनम हसली नाही, तेव्हा त्यांना बसावं लागलं. आजवर त्यांनी उंटावरूनच शेळ्या हाकल्या होत्या. खाली उतरायची ही पहिलीच खेप.

“ही बिरोबाची वेलांटी. त्या टोकापास्नं एक घर वर.”

“हे?”

“न्हाई, त्याच्या शेजारचं.”

मालकांनी दाबलं. एकाऐवजी तीन घरं लाल झाली.

“मागं घ्या. आता एकच. हात टेकू नका, बाण हलतो.”

मालकांनी हात उचलून धरला. एक घर भरलं, दुसरं सुटलं, तिसरं खोडताना आधीचंही गेलं. मान पुढे आली, चष्मा नाकावर घसरला. दारात बसव्वा, तिच्यामागे आणखी दोघी-तिघी. अकराव्या घराला मालकांनी माऊस सोडला आणि मनगट झटकलं.

“अजून किती?”

“या वेलांटीची? सत्तर-ऐंशी असतील.”

“आणि पुढची अक्षरं?”

“ती हायेतच की.”

मालकांनी पडद्याकडे पाहिलं. वेलांटी उंदराने कुरतडल्यासारखी दिसत होती. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. सव्वाबारा. ते उठले आणि दाराकडे वळून ओरडले, “इथं काय तमाशा लागलाय? मशिनी बंद आहेत काय?” बायका पांगल्या. बसव्वा सगळ्यांत शेवटी.

पूनमने खुर्ची ओढली, मालकांची अकराच्या अकरा घरं खोडली आणि डावा हात पुन्हा नव्या माऊसवर ठेवला. आता तिला रडू येत होतं, पण रागाने. एवढं करून हा माणूस काय म्हणणार, तेच तिला कळत नव्हतं.

मालक खोलीबाहेर पडता पडता थांबले. उजवं मनगट डाव्या हाताने चोळत होते.

“कर,” ते हळूच म्हणाले. “डाव्यानंच कर. दार तेवढं लावून घे.”

पूनमने पडद्यावरची नजर काढली नाही. बाण डुगडुगत, अंदाज घेत वेलांटीच्या त्या पहिल्या घरावर आला. तिने ते भरलं.

“ऱ्हाऊ द्या की उघडं, मालक,” ती म्हणाली. “लई उकडतंय.”