तिसऱ्या प्लांटचा रिलीव्हर
बोईसरच्या त्या केमिकल कंपनीत बाहेरचं इंटरनेट वापरायची परवानगी नाही, म्हणून मी आतल्याच नेटवर्कवर मेसेंजर बसवत होते. अकरा कॉम्प्युटर झाले. यादी उघडली तर नावं बारा. शेवटचं होतं ‘प्लांट तीन’. “तो प्लांट आग लागल्यापासून सील आहे,” शिफ्ट इन्चार्ज नागोराव म्हणाले, “तिथली वायरसुद्धा जळाली.” तीनचा भोंगा झाला, पहिली शिफ्ट सुटली आणि त्याच नावावरून मेसेज आला, ‘माजा रिलीव्हर नाय आला. मी जाव काय?’ नागोरावांनी तो वाचला आणि मला सगळं सांगितलं. इथला नियमच आहे, पुढच्या शिफ्टच्या माणसाने, म्हणजे रिलीव्हरने, चार्ज घेतल्याशिवाय जागा सोडायची नाही. दोन वर्षांपूर्वी मुरबे गावचा शैलेश त्या नियमानेच थांबला होता. त्याचे रिलीव्हर नागोराव. ते वीस मिनिटं उशिरा पोचले, तोवर प्लांट पेटला होता आणि शैलेश आतच गेला. त्यांनी कीबोर्ड ओढून एका बोटाने लिहिलं, ‘आलो रे. चार्ज घेतला. तू घरी जा.’ यादीतलं बारावं नाव विझलं. मला हायसं वाटलं. नागोराव मात्र खुंटीवरचं हेल्मेट घेऊन दाराकडे निघाले. “कुठे?” मी विचारलं. “चार्ज घेतलाय ना,” ते म्हणाले. पाच वाजता माझं काम आटोपलं, तरी ते परतले नव्हते. मी कॉम्प्युटर बंद करायला गेले तर यादीत पुन्हा बारा नावं. शेवटच्या नावावरून मला मेसेज होता, ‘मॅडम, अकराला माझा रिलीव्हर पाठवा.’