हिरवी भाकरी

"खरं सांग सुभद्रा, डबा चुकवलास ना?" डॉक्टर कुसुमताईंनी विचारलं. रागवायचंही त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

खाटेवरच्या सुभद्रेनं पदर सावरला, तशा बांगड्या थेट कोपरापर्यंत घसरल्या. "न्हाई चुकवला," ती म्हणाली.

पोटाचे रोगी खोटं बोलतातच, असं कुसुमताईंचं दापोडीच्या त्या दवाखान्यात मत झालं होतं. सुभद्रेला त्यांनी सगळं समजावून दिलं होतं. भाकरीच्या पिठात मळलेली हिरवी पूड पोटात विरत नाही. जेवढी आत जाते तेवढीच बाहेर पडते. त्या पुडीच्या हिशेबानं, खाल्लेल्यातलं किती अंगी लागलं ते कळतं. म्हणून दर वेळी शौचाला नाव लिहिलेल्या डब्यावरच बसायचं. आणि आता सगळे डबे तपासले तर पूड निम्मीच!

खाटेजवळ जमिनीवर बसलेली सासू, अंबुबाई, गुडघ्यावर हात टेकून उठली.

"डाक्टरीणबाई, काय ते येकदा सांगा. गाव म्हनतं, म्या सुनेला उपाशी मारते. माझ्या हातानं वाढते हिला! संग्रहणी आसंल तर तसं सांगा, हिच्या भावाला बोलावते. माझ्यानं आता हुईना."

सुभद्रेनं डोळे मिटले. आजारी म्हणून माहेरी धाडलेली सून परत आणायला कोणी जात नाही, हे तिला ठाऊक होतं.

"आन् आजून येक," अंबुबाईचा आवाज एकदम उतरला. "मला बी कालपासनं हिरवं व्हतंय. हिचा रोग लागला का वो मला?"

कुसुमताईंना हसू फुटलं आणि तिथंच थांबलं. "तिची भाकरी तुम्ही खाल्लीत?"

"म्या मागितली न्हाई! तिनंच दिली. म्हनली, आत्याबाई, तुमी उपाशी बसलाय, मला काय जात न्हाई. घरी बी..." अंबुबाई अडखळली. "घरी बी असंच म्हनून माझ्या ताटात सारती."

कुसुमताई खाटेवर टेकल्या. "सुभद्रा, तुला संग्रहणी नाही. जेवढं खाल्लंस तेवढं नीट अंगी लागलंय. खातच नाहीस तू. का गं?"

सुभद्रा सासूकडं न बघता बोलली.

"खाल्लं की जावं लागतं. पहाट सरली की अंधार पडंस्तवर कुठं जायाचं? गावामागं बाभळीचं रान व्हतं. कंपनीसाठी तोडलं. आता दिसभर गडी भिताड बांधत्यात तिथं. आन् हितं माझ्या नावाचा डबा गडीमानूस उचलून नेतो."

रान तुटल्यापासून दुपारचं पाणी अंबुबाईनंही सोडलं होतं. वय झालं, तहान कमी झाली, असंच ती धरून चालली होती. तिला सुनेपुढं स्वतःची लाज वाटली.

"डबा आता नाही," कुसुमताई म्हणाल्या. "उद्या घरी जा. पोटभर खात जा." बोलता बोलताच त्यांना आपलं बोलणं फोल वाटलं. रोज कोणाला ना कोणाला त्या हेच सांगत होत्या.

अंबुबाईनं सुनेच्या पायावरचं पांघरूण उगाच नीट केलं.

"बाई, भावाला न्हाई बोलवत मी," ती म्हणाली. "पर आजून दोन दिस आमाला हितं ऱ्हाऊ द्या. तुमच्या संडासाला दार हाय. दोघी पोटभर जेवतो, आन् मंग जातो."