चौदा गोल

चौऱ्याण्णव साली बहारीनमध्ये, मनामाच्या ऑफिस हॉकी लीगमध्ये उज्ज्वल आणि रोनाल्डचा संघ शेवटून दुसरा आला. मॅनेजर सुजीत सगळ्यांसमोर हंगामाचे आकडे वाचू लागला.

"रोनाल्ड, चौदा गोल. शाब्बास! उज्ज्वल, शून्य. पुढच्या वर्षी तू खलास."

उज्ज्वल ताडकन उठला. "आणि पास? त्यातल्या बारा गोलांना चेंडू मी पुरवलाय. ते कुठं मोजलंत?"

"पास कुणी मोजतं का?"

उज्ज्वल रागानं रोनाल्डकडे वळला. शहरातल्या माहूज भागात एकाच खोलीत राहायचे दोघं. "रोन्या, सांग ना यांना! तुला चेंडू कोण द्यायचं?"

रोनाल्ड खाली वाकून बूट सोडत राहिला. "जाऊ दे रे. यल्ला, चल, बिर्याणी गार होतेय."

त्यानंतर सुजीतवर चिडायचं उज्ज्वलच्या लक्षातही राहिलं नाही; तो रोनाल्डच्या वाकलेल्या पाठीकडेच बघत होता.