उशिराचं कारण

"सर, मासा आडवा आला," रुपा म्हणाली.

ती सातवीच्या दारात उभी होती. शाळा साडेदहाची, आणि घड्याळात पावणेअकरा. आत खुर्चीवर मुख्याध्यापक उकंडराव बसले होते. त्यांच्या बाजूला, हातात टोपी घेऊन, रुपाचा बाप पुंजाजी उभा होता. मोंढ्यात हळदीची दोन-दोन पोती एका दमात उचलणारा गडी, पण शाळेत आला की त्याला स्वतःचे हात कुठं ठेवावेत ते कळत नसे.

दिवाळीपासून रुपा एकही दिवस वेळेवर आली नव्हती. आणि एकच कारण तिनं दोनदा दिलं नव्हतं. सोमवारी मोंढ्यावरून असा वारा सुटला की तिची सावली पिवळी झाली. ती धुऊन वाळत घालण्यात वेळ गेला. मंगळवारी रेल्वेफाटकावरच्या म्हशीनं तिला व्याकरण विचारलं. काल उकंडरावांचा संयम सुटला. "उद्या उशिरा आलीस तर दाखला हातात देईन!" असे ते गरजले. त्या आवाजानं शाळेच्या पत्र्यावरचे पारवे उडाले ते थेट पल्याडच्या हट्टा गावाला जाऊन बसले. अजून परतलेले नाहीत.

दाखला मिळाला की रुपानं मावशीसंगं हळद निवडायला जायचं, हे घरी ठरलं होतं. मावशीला निरोपही गेला होता. रुपाला ते माहीत होतं. पण मासा तर आडवा आला होता, त्याला ती काय करणार?

"कुठला मासा?" उकंडरावांनी दात आवळून विचारलं.

"मरळ. सिद्धेश्वरच्या धरणातली. कालव्यानं आली अन् एष्टी डेपोत घुसली. तिला लग्नाला जायचं हुतं, सर. कंडक्टरला म्हणली, मला अर्धं तिकीट दे, मी बारकी हाये. कंडक्टर म्हणला, मोजून घेऊ. पट्टी कुणाकडं? माझ्या दप्तरात."

वर्गात कुणी श्वास घेत नव्हतं.

"मोजायला लागले तोंडापासून. मोजते, मोजते, मोजते… तोंड डेपोत अन् शेपूट सापडंना. लोकं म्हणले, पोरी, शेपूट हट्ट्याच्या पुलावर हाये, तिथं दोन बैलगाड्या अडून राहिल्या."

"आमच्या पारव्यांनी बघितलं असंल!" मागच्या बाकावरून आतिफ ओरडला. वर्ग हशानं फुटला.

"गप!" उकंडराव उठले. "पुंजाजी, ऐकलं ना? हे असं रोज चालतं. बोला, काय करायचं हिचं?"

पुंजाजीनं टोपी या हातातून त्या हातात घेतली. घसा साफ केला. लेकीकडं बघितलं.

"मंग… तिकीट अर्धं फाडलं का पुरं?"

उकंडरावांनी कपाळावर हात मारून घेतला आणि दाखल्याचं बुक पुढं ओढलं. पेनाचं टोपण काढलं. रुपाची मान खाली गेली.

तेवढ्यात खिचडी शिजवणाऱ्या चतुराबाई रोजच्यासारख्या आकडा विचारायला आल्या. "सर, तांदूळ धुवायचेत. पाचवीत अठरा, सहावीत एकवीस. सातवीचे विचारत न्हाई, तुमचे भरून बेचाळीस असतात."

हा आकडा उकंडरावांच्या आवडीचा होता. दिवाळीआधी या वर्गात निम्मे बाक रिकामे असत. कुणी गॅरेजवर, कुणी भंगार गोळा करायला, कुणी नुसतंच फाटकावर बसलेलं. आता साडेदहाच्या ठोक्याला सगळे हजर. हा आपला धाक, असं त्यांनी वरच्या ऑफिसला लिहूनही कळवलं होतं.

"आजपासून एक्केचाळीस धरा," ते म्हणाले. "ही आता नाही. रोज उशीर करते."

"कोण? रुपी?" चतुराबाईंनी कमरेवर हात ठेवला. "काहीतरीच काय सर! मी कुलूप काढते तवा ही शाळेच्या दारापाशी उभी असती. नऊ वाजता. मला तांदूळ निवडू लागती, मंग पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसती. एकटीच पुटपुटती, हातवारे करती. मला वाटलं, पाढे पाठ करून राहिली."

पेन कागदावरच थांबलं.

"व्हय गं?" पुंजाजीनं विचारलं. "नऊलाच येती? मंग वर्गात काहून येत न्हाईस?"

रुपानं पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरली.

"सगळे आल्याबिगर सांगू कुणाला, बापू? आधी सांगितलं तर मागून येणाराला अर्धंच भेटतं. मंग त्यो रुसतो अन् दुसऱ्या दिवशी येतच न्हाई."

उकंडरावांनी वर्गाकडं बघितलं. एक्केचाळीस पोरं. गॅरेजवाला आतिफ तर पुढं सरकून सरकून बाकाच्या टोकावर आला होता. एकाचीही नजर मुख्याध्यापकांवर नव्हती. सगळे रुपाच्या तोंडाकडं बघत होते.

पुंजाजीनं टोपी डोक्यावर घातली, चपला दाराबाहेर काढल्या आणि भिंतीला टेकून खाली बसला. तिकिटाचं अजून कळायचं होतं.

उकंडरावांनी पेनाला टोपण लावलं. दाखल्याचं बुक टेबलाच्या खणात ढकललं. मग असे गरजले की पत्रा थरथरला.

"रुपे! उद्यापासून वेळेवर वर्गात आलीस, तर याद राख, दाखला हातात देईन!"