कोरी बाजू

बिलकीस स्टुलावर चढून दरफलकावर नवा स्टिकर चिकटवत होती. जुन्या स्टिकरांचा थर इतका जाड झाला होता की नऊ एमएम गोळ्यांची ओळ फलकातून पुढे डोकावत होती.

"परत वाढले?" ईशानीनं विचारलं.

"तिकडं पेटलं की इकडं स्टिकर." बिलकीस खाली उतरली. ती मूळची खेडची. आखातातल्या या शूटिंग क्लबच्या काउंटरवर तिला अकरा वर्षं झाली होती. "कारखाने तेच, पण माल आधी सैन्याला. आपल्याला उरलंसुरलं. नऊ एमएम परवडेना म्हणून सगळे पॉइंट टू-टूच्या बारक्या गोळीवर आले, तर आता तीही संपत आली. माणशी दहाच देते. मारामारी व्हायची बाकी आहे नुसती."

ईशानीनं बाबांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत तिच्यासमोर ठेवली. बिलकीसनं ती वाचली नाही. त्यावर क्षणभर हात ठेवला आणि मागच्या लोखंडी कपाटातून एक डबा आणला. झाकणावर बाबांच्या अक्षरात लॉटचा, म्हणजे कारखान्यातल्या एका खेपेच्या मालाचा, नंबर होता आणि खाली फक्त 'सात'. सात नंबरची क्लबची रायफल. तिला हाच लॉट मानवतो, हे बाबांनी चार लॉट झाडून पाहून ठरवलं होतं. डब्यात पाच ओळी. चार रिकाम्या, पाचवीत दहा काडतुसं.

"त्यांचं खातं आज बंद करायचंय. ही झाड, नाहीतर क्लबला जमा होतील. दाराबाहेर तर जात नाहीत, तुला ठाऊक आहे."

"किंवा मला दे!"

ईशानी वळली. सतीशकाका. खलिफा सिटीतले शेजारी, बाबांचे मित्र. वीस वर्षं त्यांनी बाबांना 'कागदाचा शिकारी' म्हणून चिडवलं होतं. आज त्यांच्याच गळ्यात नवाकोरा गॉगल लटकत होता. लेबल अजून काढलेलं नव्हतं.

"काका, तुम्ही? इथं?"

"गेल्या आठवड्यात हवाई हल्ल्याच्या इशाऱ्यानं सगळ्यांचे मोबाइल एकदम ओरडले ना, तेव्हापासून कुंदा झोपत नाही. म्हटलं, हाताला सवय असलेली बरी." ते डब्याकडे बघत राहिले. "दहा गोळ्यांत काय शिकणार, सांग? या दहाचे शंभर दिरहम देतो. जवळजवळ अडीच हजार रुपये झाले, ईशू."

"वरून येणाऱ्याला गोळी लागते का, काका?"

काका हसले. मग हसायचे थांबले. "त्याच्यामागून माणसं येतात."

बिलकीसनं उगाच काउंटर पुसला.

जगात कुठे लढाई सुरू झाली की बाबा दुसऱ्या दिवशी क्लबला येऊन डबे घेऊन ठेवत. 'लोकांच्या घरी कांद्याचा भाव बघतात, आमच्याकडे गोळ्यांचा,' असं आई म्हणायची. त्यावर बाबांचं ठरलेलं उत्तर होतं: 'इथं कागदात गेली, तेवढी तिकडे कमी.' 'तुम्ही घेतली म्हणून कुणाची लढाई अडली आहे का?' असं आई विचारायची. ते घेत राहिले.

"नको, काका," ईशानी म्हणाली. "ही कागदासाठीच आहेत."

आत रेंजवर क्लबचा मदतनीस रामेश्वर निशाण्याचा कागद लावत होता. ती चौदा वर्षांची असल्यापासून तोच लावत आला होता. आजचा कागद वेगळा होता. त्यावर माणूस होता. काळा, कमरेपर्यंतचा, बिनचेहऱ्याचा.

"रामेश्वर भैया, गोलवाला?"

"गोलवाला खतम, दीदी. अब सब यही माँगते हैं."

तिनं डबा पुन्हा बंद केला. काकांना द्यावा का? मग तिला आठवलं. नवा लॉट आला की बाबा कागद उलटा लावायला सांगत. काळा गोल दिसला की डोळा लबाडी करतो. कोऱ्या कागदावर आपला हात कळतो.

"उलटा लगाओ."

रामेश्वरनं तिच्याकडे पाहिलं. "सर के माफिक," एवढंच म्हणाला.

कागद पंचवीस मीटरवर जाऊन थांबला. पांढरा, रिकामा. तिनं सात नंबरच्या रायफलीची नळी टेकणावर ठेवली, अर्धा श्वास सोडला. पहिलं काडतूस. शेजारच्या लेनमध्ये कुणीतरी घाईघाईनं पिस्तूल झाडत होतं. प्रत्येक आवाजाला भिंत हादरे. ती थांबायची, आवाज सरू द्यायची, मग आपली झाडायची. चौथी. सातवी. बाबा गेल्यापासूनच्या सात आठवड्यांत पहिल्यांदाच तिच्या मनात दवाखाना नव्हता, ॲम्ब्युलन्सची वाट बघणारी आई नव्हती. दहावी गेली. पाचवी ओळ रिकामी झाली.

दुर्बिणीतून तिनं पाहिलं. दहाही एकाच ठिकाणी. कागदाच्या मध्यापासून किंचित डावीकडे एकच फाटकं भोक. बाबा यावर 'हं' म्हणाले असते. त्याहून मोठी शाबासकी त्यांनी कधी दिली नव्हती.

रामेश्वरनं कागद परत आणला, चिमटे काढले आणि सवयीनं तो उलटून तिच्यासमोर धरला.

"वा, दीदी! सीधा दिल में."

काळ्या माणसाच्या डाव्या छातीत भोक होतं.

पलीकडून सतीशकाका आले. गॉगल कपाळावर चढवून ते कागदामागे वाकले, आणि छातीतल्या त्या भोकातून एक डोळा तिच्याकडे पाहू लागला.

"झकास," कागदामागून आवाज आला. "मला अस्संच शिकव."